हवेचा अवरोध नगण्य मानावा

पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकांत सर्वांत अधिक वेळा येणारे वाक्य कोणते, असा प्रश्न मला कोणी केला, तर न्यूटनच्या तिन्ही नियमांना अदबीने बाजूस सारून मी "हवेचा अवरोध नगण्य मानावा" याच वाक्याचे नाव सांगेन. चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, आणि गडचिरोली या दोन जंगली मुलखांत, बदलीचा हुकूम नेईल त्या तालुक्याच्या गावी बिऱ्हाड हलवीत, प्रक्षेप्याची गती व वर्तुळाकार गती ही दोन प्रकरणे फळ्यावर रेखाटण्यात माझ्या आयुष्याची तीस वर्षे खर्ची पडली. आणि सरकारी दस्तऐवजाच्या तळाशी जसा सही-शिक्का असावयाचाच, तसे प्रत्येक उदाहरणाच्या तळाशी हे वाक्य असावयाचेच. हवा हे जणू एखाद्या कनिष्ठ कारकुनाचे पद असून पुस्तककर्त्याच्या स्वाक्षरीने ते खालसा करता येते, असा त्या वाक्याचा एकंदर थाट! नोकरीत होतो तोवर मीही या फर्मानाची निमूटपणे अंमलबजावणी केली. परंतु पेन्शन सुरू झाल्यावर मनुष्यास विचार करण्याची मुभा मिळते, आणि तिचा उपयोग करून मागे वळून पाहता माझ्या ध्यानात असे आले, की ज्याला ज्याला म्हणून मी नगण्य मानले, त्याने त्याने माझ्याकडून पै-पैचा हिशेब वसूल केला आहे.

प्रथम शास्त्रार्थ सांगून टाकतो, म्हणजे फिर्याद समजण्यास सोपे जाईल. फेकणाऱ्याच्या हातून सुटल्यावर जिच्यावर गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसऱ्या कोणाचाही अंमल चालत नाही, अशी वस्तू म्हणजे प्रक्षेप्य. तिचा मार्ग अन्वस्ताकार असतो हे गॅलिलिओने सिद्ध केले आणि स्वदेशी त्याच्या लेखनावर धर्मपीठाची बंदी असल्यामुळे १६३८ साली हॉलंडातील लायडन येथे छापवून घेतले. ग्रंथ हाती आला तेव्हा त्याची दृष्टी गेलेली होती. त्या सिद्धान्ताचे मर्म मी कचेरीच्या दृष्टान्ताने सांगत असे. दगड एकच, पण त्याचा कारभार दोन खाती पाहतात. आडव्या गतीच्या खात्यातला कारकून पहिल्या क्षणी जो वेग वहीत मांडील, तोच शेवटपर्यंत कायम ठेवतो. बढती नाही, कपात नाही. उभ्या गतीच्या खात्यात मात्र दर सेकंदाला सेकंदास ९.८ मीटर या दराने वजावट चालू असते. वर जाण्याची शिल्लक संपली, की दगड खाली वळतो आणि तीच वजावट कर्जाच्या व्याजासारखी वाढत जाऊन त्याला जमिनीवर आणून आपटते. मौज अशी, की ही दोन्ही खाती एकाच छपराखाली राहूनही एकमेकांची फाइल कधी उघडून पाहत नाहीत. म्हणूनच टेबलाच्या कडेवरून एक खडू नुसता सोडला आणि त्याच क्षणी दुसरा आडवा टिचकीने उडविला, तर दोन्ही एकदमच जमिनीला लागतात. हा प्रयोग मी दरवर्षी करीत असे, आणि "यावरून काय सिद्ध होते?" या माझ्या प्रश्नाला मागच्या बाकावरून दरवर्षी तेच उत्तर येत असे : "दोन्ही खडू तुटतात, गुरुजी."

पंचेचाळीस अंशांच्या कोनात फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते, आणि तीस अंशांत व साठ अंशांत फेकलेल्यांचा पल्ला सारखाच पडतो, हा पुढचा पाठ शिकविण्यास मात्र मला प्रयोगशाळेची गरज पडली नाही. मैदानावर विटीदांडूचा डाव नित्य चाललेला असे. गलीवर आडवी ठेवलेली विटी कोलताना अनुभवी खेळाडू दांडू फार उभा धरीत नाही, कारण विटी आभाळात उंच गेली की खाली झेल घेणारा निवांत उभा राहतो. आणि फार आडवाही धरीत नाही, कारण मग ती दहा पावलांवरच लोळते. सिरोंच्याला असताना या खेळाने मला आणखी एक ज्ञान दिले. पुण्या-मुंबईकडील मुले "वकट, लेंड, मूंड, नाल" अशी जी गणती अर्थ न कळता घोकतात, तिचे सख्खे सोयरे मला तिथल्या बाजारात भेटले. प्राणहिता जिथे गोदावरीला मिळते, त्या काठावर भाजीवालीच्या तोंडून "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु" ही तेलुगू मोजणी ऐकली, तेव्हा महाराष्ट्रभर उडणाऱ्या विटीने केवढा पल्ला मारला आहे, हे मला कोणत्याही सूत्रावाचून उमगले.

आता पहिली वसुली. जगभरच्या पुस्तकांत ठाण मांडून बसलेले एक उदाहरण आहे. झाडाच्या फांदीला माकड लोंबकळत आहे. शिकारी त्याच्यावर थेट नेम धरून गोळी झाडतो. बार होताक्षणी माकड फांदी सोडून देते. तर गोळी माकडाला लागेल काय? उत्तर असे, की लागेलच. कारण गोळी आणि माकड ही दोन्ही उभ्या खात्याच्या एकाच दराने खाली पडतात, आणि जेवढी गोळी नेमाच्या रेषेखाली उतरते, तेवढेच माकडही उतरते. हे उदाहरण नगरवासी विद्यार्थ्यांना मुकाट्याने पटते. आमच्या आलापल्लीच्या बाजूस मात्र, जिथे वानरांचे कळप शाळेच्या कौलांवर हजेरी लावतात, ते मांडताच वर्गात कुजबूज झाली, आणि एक काटकुळा मुलगा उभा राहून म्हणाला, "वानर फांदी सोडत नाही जी, गुरुजी. बार झाला त तो वर जाते. खाली काहून येईल?" मी त्याला सांगितले, की प्रश्नात वानराचा स्वभाव नगण्य मानलेला आहे. तो खाली बसला. पण त्याच्या मुद्रेवरून स्पष्ट दिसत होते, की वानराचा स्वभाव नगण्य मानणाऱ्या शास्त्राविषयी त्याचे मत काही फारसे चांगले झाले नव्हते.

तेच उदाहरण सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेत घालण्याची दुर्बुद्धी मला झाली. एका वनरक्षकाच्या चिरंजीवाने आकृती सुबक काढली, दोन्ही अन्वस्ते... नव्हे, एक अन्वस्त व एक सरळ रेषा बरोबर दाखविली, आणि खाली निष्कर्ष लिहिला तो असा : "सबब गोळी लागेल. सदर शिकाऱ्याविरुद्ध वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा दाखल करून बंदूक जप्त करावी व पंचनाम्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात." प्रश्न पाच गुणांचा होता. गणितासाठी तीन आणि कायद्यासाठी दोन, असे पाचही गुण मी त्यास देऊन टाकले. कारण नियम दोन्ही खरे होते, आणि त्यांतला एकच मला ठाऊक होता. पुढे त्याच्या वडिलांनी मला एकदा सांगितले, की वाघाला बेशुद्ध करण्याची सुई बंदुकीतून सोडावयाची, तर आधी अंतर मोजून त्या मानाने दाब ठरवावा लागतो. सुई गोळीइतकी चपळ नसते, वाटेत चांगलीच खाली येते, आणि वाऱ्याची झुळूकही तिला बाजूला नेते. ज्या मनुष्याचा मुक्काम वाघापासून काही पावलांवर असतो, तो हवेचा अवरोध नगण्य मानीत नाही.

दुसरी वसुली गोफणीने केली. वरोऱ्याच्या बाजूस ज्वारी हुरड्यावर आली, की शेतात मचाण उभे राहते आणि पाखरांवर गोफण फिरू लागते. एका विद्यार्थ्याने हुरडा खाण्यासाठी मला त्याच्या शेतावर नेले, तेव्हा मचाणावर त्याची आजी बसलेली होती. तिने दोरीच्या एका टोकाचा फासा बोटात अडकविला, दुसरे टोक त्याच मुठीत धरले, मधल्या विणलेल्या पट्ट्यात गोफणगुंडा ठेवला, डोक्यावरून दोन फेरे दिले आणि मुठीतले टोक सोडले. दूर धुऱ्याजवळच्या ताटांवरून राघूंचा थवा हिरव्या चादरीसारखा उठला. हा सगळा व्यवहार तिने माझ्याशी बोलता बोलता, मागे वळून न पाहता केला.

मला राहवेना. मचाणाखाली उभा राहून मी नातवाला समजावू लागलो, की फिरणाऱ्या गोफणगुंड्याला दोरी सतत केंद्राकडे ओढून धरते, त्या ओढीचे नाव अभिकेंद्री बल. दोरी सुटताच ती ओढ संपते आणि गुंडा केंद्रापासून थेट बाहेर न जाता, त्या क्षणी ज्या बिंदूवर असेल तिथल्या स्पर्शरेषेने सरळ निघतो. हात लांबवून धरता दोरी सुमारे एक मीटर, आणि फेरे सेकंदाला दोन, तर वेग होतो सेकंदास साडेबारा मीटर, आणि पल्ला पडतो सोळा मीटर. पण फेरे तीन केले, तर पल्ला दीडपटीने न वाढता, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढून, छत्तीस मीटरांवर जातो. नातू मान डोलावीत होता. आजीने वरून गोफण माझ्या हाती दिली.

पुढचा प्रकार फार अल्पकाळ चालला. मी फेरे दिले, स्पर्शरेषा मनात धरली आणि टोक सोडले. राघू जागच्या जागी राहिले. मात्र माझ्या उजव्या अंगाला, बाभळीच्या सावलीत ओल्या फडक्याने झाकून ठेवलेल्या पाण्याच्या माठातून फट्कन आवाज आला आणि पाण्याची धार तुरीच्या ओळीकडे वाहू लागली. आजी क्षणभर माठाकडे पाहत राहिली आणि मग अत्यंत आदराने म्हणाली, "पाखरं तिकडं हायेत जी, गुरुजी."

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे पाव फेऱ्यास सेकंदाचा आठवा हिस्सा. तेवढाच उशीर माझ्या बोटांनी केला होता, आणि तेवढ्याने स्पर्शरेषा पुरी नव्वद अंशांनी फिरून माठावर गेली होती. सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याची चूक झाली, तरी दिशा सात अंशांनी ढळते आणि सोळा मीटरांवर नेम दोन मीटरांनी हुकतो. म्हणजे ती माउली हुरड्याच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ शंभराव्या हिश्श्याचा हिशेब बोटाच्या पेरावर राखीत होती, आणि मी तो फळ्यावर राखीत होतो. सूत्र खोटे नव्हते. त्यात फक्त बोट नगण्य मानलेले होते.

नगण्यांचा आमच्या मुलखातला मूळपुरुष मात्र एक ससा आहे. आख्यायिका अशी, की गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा झरपट नदीच्या काठी शिकारीस गेला असता, त्याचा कुत्रा सशाच्या मागे धावण्याऐवजी, कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससाच कुत्र्याच्या मागे लागलेला त्याने पाहिला. दोघांनी मोठे वेढे घेतले आणि अखेर कुत्र्याने सशाला मारले. राजाने ही नवलाची गोष्ट राणीस सांगितली; राणीने हा शुभशकुन मानून, ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेवर कोट बांधून नगर वसवावे, असा सल्ला दिला; आणि चांद्याचा परकोट उभा राहिला, ज्याचे जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे आजही रहदारीची कोंडी करून आपले अस्तित्व सिद्ध करीत आहेत. शास्त्राने वर्तुळाकार नगररचना केल्याची उदाहरणे अन्यत्र नसतील असे नाही. पण सशाने आखून दिलेली मोजणी, आणि तीही कोणत्याही भूमापन खात्याच्या तगाद्यावाचून, ही आमचीच! पुढे १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या फौजेने या कोटासमोर तोफा लावल्या आणि तट फोडून शहर घेतले. माझ्या पुस्तकातली दोन प्रकरणे परस्परांना प्रत्यक्ष भेटली असतील, तर ती तिथे : सशाचे वर्तुळ आणि तोफगोळ्याचे अन्वस्त.

खुद्द चांदा जिल्ह्याच्या गोफणीतून गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी सुटला. त्या नव्या जिल्ह्यात बदलून गेल्यावर तिसरी वसुली राज्य परिवहनाच्या गाडीत झाली. कुरखेड्याहून कोरचीकडे जाताना बेडगावचा घाट लागतो. मी तिघांच्या बाकावर आतल्या टोकाला होतो, माझ्या शेजारी एक बाई मांडीवर मोहफुलांची टोपली घेऊन बसलेली, आणि ड्रायव्हर अशा घाईत, की जणू शाळेची घंटा त्याच्यासाठीच होणार होती. एका वळणावर गाडी झपकन डावीकडे वळली आणि मी उजवीकडे टोपलीवर गेलो. सावरून बसतो तो दुसरे वळण, पुन्हा टोपली. बाईने माझ्याकडे रोखून पाहिले, तेव्हा शिक्षकाच्या सवयीने मी खुलासा केला, की बाई, मी आपल्या अंगावर पडलो नाही. जडत्वाच्या नियमाने मी होतो त्याच सरळ रेषेत चाललो होतो, वळली ती गाडी. लोक ज्याला बाहेर फेकणारे अपकेंद्री बल म्हणतात, ते गाडीबाहेर उभे राहून पाहणाऱ्याच्या दृष्टीने मुळी अस्तित्वातच नाही.

बाईने टोपली सावरली आणि उत्तर दिले, "गाडी वळली त तुमी बी वळा ना जी!"

तीस वर्षांत अभिकेंद्री बलाची याहून नेमकी व्याख्या मी ऐकली नव्हती. वळणाऱ्या गाडीबरोबर वळावयाचे, तर प्रवाशाला कोणीतरी आत ओढले किंवा ढकलले पाहिजे. समोरची दांडी धरावी, नाही तर शेजारणीच्या टोपलीने ते काम करावे. वळणाची त्रिज्या तीस मीटर आणि गाडीचा वेग ताशी चाळीस किलोमीटर धरला, तर साठ किलोंच्या माझ्या देहाला वळविण्यास सुमारे पंचवीस किलोंच्या पोत्याएवढा रेटा लागतो. वेग निम्म्याने, म्हणजे ताशी वीसवर आणला, की तोच रेटा चौथ्या हिश्श्यावर येऊन सहा किलोंच्या आसपास राहतो. ड्रायव्हरांच्या परीक्षेत दुसरे काही विचारले नाही तरी चालेल, पण वेग दुप्पट केला की टोपली चौपट चेंगरते, एवढे विचारलेच पाहिजे. मी मुकाट्याने दांडी धरली आणि कोरची येईपर्यंत अभिकेंद्री बल स्वखर्चाने पुरविले.

येथवर स्वभाव, बोट, ससा आणि शेजारीण यांच्या कैफियती झाल्या. मूळ वादी हवा अजून उभीच आहे.

पुस्तकांतले हवेविना चालणारे जग कुठेच नाही, असे मात्र कोणी समजू नये. ते वर आहे. पर्वताच्या शिखरावरून तोफेचा गोळा अधिकाधिक वेगाने आडवा सोडीत गेले, तर एक वेळ अशी येईल की गोळा खाली पडत राहील आणि गोल पृथ्वीही त्याच्याखालून तितकीच वळत राहील, हे न्यूटनने दाखविले. चंद्र हा असाच एक गोळा आहे. तो दर सेकंदाला सुमारे एक किलोमीटर पुढे सरकतो आणि जवळजवळ दीड मिलिमीटर पृथ्वीकडे पडतो. अनादि काळापासून पडतो आहे आणि अनादि काळापासून त्याचा नेम चुकतो आहे. प्रक्षेप्याची गती आणि वर्तुळाकार गती ही दोन प्रकरणे तिथे एक होतात. १९७१ साली अपोलो १५ मधून गेलेल्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर उभे राहून एक हातोडा आणि एक पीस एकदम सोडले. दोन्ही एकदमच खाली पोचली. चंद्रावर माझे पुस्तक तंतोतंत खरे आहे.

अडचण एवढीच, की मला शिकवावयाचे होते ते चंद्रपुरात. इथे सागाचे पान फांदीवरून सुटते ते हेलकावे खात, वाटेत दोनदा विचार बदलून, जमिनीवर येते. इथे ऐनाच्या फळाला पंख असतात, सावरीचा कापूस वाऱ्याच्या भरवशावर वंश वाढवितो, आणि उडती खार पोटाकडची कातडी पसरून हवेवर रेलत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते. हवा नगण्य मानली, तर यांतल्या प्रत्येकाचा निकाल दगडासारखा लागेल. आणि जंगल सोडून शहरात यावे, तर तिथे हवेला नगण्य म्हणण्याची छाती पुस्तककर्त्यालाही होणार नाही. २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र, भोवताली कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा तीत चंद्रपूर पहिल्या दहांत बसले. माझे विद्यार्थी परीक्षेत कधी पहिल्या दहांत आल्याचे मला आठवत नाही. सकाळी अंगणातली तुळस पुसावी, तर फडके काळे होते. ज्या गावात हवा डोळ्यांना दिसते, दातांत कचकचते आणि दवाखान्याचे बिल होऊन हातात पडते, त्या गावच्या मुलाला "हवेचा अवरोध नगण्य मानावा" असे लिहावयास लावणे आणि त्यास त्याबद्दल गुण देणे, हे मी तीस वर्षे केले.

तेव्हा पाठ्यपुस्तकांच्या मंडळाकडे माझी एक नम्र दरखास्त आहे. दोन्ही प्रकरणे आहेत तशीच राहू द्यावीत. ती सुंदर आहेत. फक्त त्या वाक्यापुढे एक तळटीप घालावी : "ही सवलत चंद्रावरील शाळांपुरती असून चंद्रपूर जिल्ह्यास लागू नाही." दरखास्त मंजूर होईपर्यंत ज्यांच्या हाती गोफण असेल त्यांनी माठ दूर ठेवावा, ज्यांच्या वाटेत घाट असेल त्यांनी दांडी धरावी, आणि मी फोडलेल्या माठाची किंमत आजीने अद्याप घेतलेली नाही, याची नोंद असावी.